चार पंखांची ईन्त्सा

माशांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांत एक जुना रिवाज आहे. नवी, विचित्र घडणीची माशी ज्याच्या नजरेला पहिल्यांदा पडते, तिचं नाव त्यानं ठेवायचं. मग तो मोठा प्राध्यापक असो की कालपरवा आलेला विद्यार्थी. बाटलीवर चिठ्ठी चिकटली आणि त्या माशांची एक नळी टपालानं दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचली, की पुढे जगभर तेच नाव चालतं. पाठवणाऱ्यानं लिहिलेलं नाव घेणाऱ्यानं बदलायचं नसतं. हा नियम कुठं छापलेला नाही, पण तो मोडल्याचंही सहसा कुणी ऐकलेलं नाही.

एदुर्ने लिसारराल्देला हा रिवाज फार आवडायचा. तिचं स्वतःचं नाव तिच्या आईनं ठेवलं होतं आणि सरकारी कारकुनानं बदललं होतं. उत्तरेकडच्या डोंगराळ गावात आई तिला बास्क भाषेत एदुर्ने म्हणत असे, म्हणजे बर्फ. नोंदणीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, हे नाव स्पॅनिश नाही, आणि त्यानं निएवेस लिहिलं. तेही बर्फच. अर्थ तोच आहे की, असं म्हणून त्यानं कागद तिच्या बापाच्या हातात दिला होता. तेव्हापासून शाळेत, कॉलेजात आणि आता माद्रिदच्या या संस्थेत ती निएवेस होती. ती भांडखोर नव्हती. सूक्ष्मदर्शकावर वाकून बसली की तिला आजूबाजूला कोण आहे हेही कळत नसे.

त्या वर्षी, एकोणीसशे सदुसष्टच्या वसंतात, खाली दारावरच्या पोर्टरच्या खोलीत तिच्यासाठी फोन आला. भाऊ कोल्दो बोलत होता. त्याला मुलगी झाली होती आणि नाव ठरलं होतं ईन्त्सा, म्हणजे दव. खिडकीतला माणूस म्हणाला, दव नावाची कुणी संत झालेली नाही. त्यानं रोसीओ लिहिलं. स्पॅनिशमध्ये दवाला रोसीओ म्हणतात आणि त्या नावाची देवमाताही आहे.

"अर्थ तोच आहे म्हणाला," कोल्दो सांगत होता. "मी काय करणार होतो, एदुर्ने? मागं रांग होती."

ती त्याला हळू आवाजात बास्कमध्ये समजावत होती. पोर्टरनं वर्तमानपत्र खाली केलं.

"बाई, इथं ख्रिस्ती माणसासारखं, स्पॅनिशमध्ये बोला."

तिनं आणखी आवाज उतरवला, मग दोन शब्द स्पॅनिशमध्ये बोलून फोन ठेवला. वर आली तेव्हा तिला दिसलं की जाताना घाईत ईथरचा बोळा माशांच्या ताज्या अंड्यांच्या बशीवर राहिला होता. ईथर माशांना झोपवायला वापरतात. अंड्यांजवळ ते कुणी नेत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलानंही केली नसती अशी चूक. तिनं बोळा उचलला, खिडकी उघडली आणि बशी फेकायच्या ऐवजी तशीच उबवणीच्या कपाटात ठेवली. का ठेवली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

त्या बशीतून जे नर निघाले, त्यांतल्या एकाला चार पंख होते.

साध्या माशीला पंख दोनच. त्यांच्या मागं, छातीच्या शेवटच्या खंडावर, टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन घुंड्या असतात. उडताना तोल सांभाळायला. या नराला घुंड्यांच्या जागी पंख होते. अर्धवट, चुरगळलेले नव्हेत, तर शिरा आणि कडेची लव यांच्यासकट पुरे पंख. एदुर्ने कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिनं डोळे चोळले आणि ती डॉन लेआन्द्रोंना बोलवायला गेली.

लेआन्द्रो विल्यामेदियाना संस्थेचे संचालक होते; सगळे त्यांना मानानं डॉन लेआन्द्रो म्हणत. यादवी युद्धानंतरच्या उपासमारीत त्यांनी माशांच्या बाटल्या एका पाववाल्याच्या भट्टीशेजारी ठेवून जगवल्या होत्या, आणि लोक पावासाठी रांगा लावत असताना हा माणूस माशांना मका घालतो म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या. ते वाकले, त्यांनी पाहिलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा तरुण झाला. मग त्यांनी विचारलं, "अंड्यांना ईथर लागलं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. तिनं खरं सांगितलं.

"मग झालं," ते मायेनंच म्हणाले. "ईथरनं असं होतं, निएवेस. मीही तरुणपणी असाच फसलो होतो. हा रोग अंगाचा आहे, रक्तातला नाही. याच्या पोरांना दोनच पंख येतील. टाकून द्या."

तिनं दोन पिढ्यांपुरती कपाटात जागा मागितली. ते थोडे हसले आणि हो म्हणाले.

तिनं त्या नराला कुमारी माद्यांच्या नळीत सोडलं. कोशातून निघाल्याबरोबर नरांपासून वेगळ्या काढलेल्या या माद्यांच्या नळीला प्रयोगशाळेत सगळे मठ म्हणत, आणि आत सोडलेल्या नराला बिशप. पोरं झाली. सगळी दोन पंखांची, घुंड्यांसकट, अगदी शहाण्यासारखी. बाकीच्या मंडळींनी एदुर्नेच्या टेबलावर कागदी पंख लावलेलं एक ऑलिव्ह ठेवलं. तीही हसली. मनातून मात्र तिला वाटत होतं की डॉन लेआन्द्रोंचंच खरं असणार. आपल्या हातून आधी चूक झाली आणि आता आपण त्या चुकीला शोध म्हणतो आहोत. पण रक्तातला दोष पहिल्या पिढीत लपून बसू शकतो. आईकडून आलेली चांगली प्रत त्याला झाकते. भावाबहिणींची जोडी लावली तर पुढच्या पिढीत दर चार पोरांत एकाला दोन्हीकडून तो दोषच मिळतो आणि मग तो लपत नाही. हे तिला माहीत होतं आणि डॉन लेआन्द्रोंनाही. तिनं जोड्या लावल्या.

तेवढ्यात संस्थेची नवी इमारत पुरी झाली आणि उद्घाटनाला मंत्री येणार असं ठरलं. डॉन लेआन्द्रोंना दाखवायला चांगल्या माशा हव्या होत्या आणि त्यांच्यासाठी कपाट हवं होतं. त्यांनी निएवेसचा कप्पा रिकामा करायला सांगितलं. दुसरी पिढी अजून कोशात आहे, असं ती म्हणाली. ईथरसाठी मी कप्पा अडवून ठेवू शकत नाही, असं ते म्हणाले, आणि बाटल्या उकळत्या पाण्यात टाकायचा निरोप स्वयंपाकघरात गेला.

माशांचं अन्न शिजवणारी बासिलिया तिथं राज्य करत असे. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि चायनाग्रास यांची खळ ती मोठ्या पातेल्यात घोटायची आणि माशांना नवाबाची पिलावळ म्हणायची. एदुर्ने स्वतःच बाटल्या घेऊन खाली आली. पातेल्यात पाणी खळखळत होतं. ती तशीच उभी राहिली.

"टाकायच्या ना?" बासिलियानं विचारलं.

"नाही."

"साहेबांनी सांगितलंय."

"मी ऐकलंय त्यांनी काय सांगितलं ते."

बासिलियानं तिच्याकडं एकदा, बाटल्यांकडं एकदा पाहिलं. मग चुलीच्या वरच्या फळीवरची लसणाची माळ उचलून बाजूला केली.

"इथं ऊब असते. पण लसणाचा वास लागला तर मला बोलायचं नाही."

माशा लसणाच्या शेजारी वाढल्या. एदुर्नेनं या वेळी ईथरची बाटली खाली आणलीच नाही. माशा झोपवायच्या झाल्या तर ती नळी बर्फावर धरायची. थंडीनंही त्या निपचित पडतात. एका सकाळी तिनं नळी अशीच गार केली, पांढऱ्या कागदावर माशा ओतल्या आणि भिंग लावलं. दोन पंख, दोन, दोन. मग चार. पुन्हा दोन. पुन्हा चार.

ती स्टुलावर बसली. बासिलियानं पळीचा हात पुसला, भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हे जादाचे पंख कुणी लावले हिला?"

"कुणी नाही लावले," एदुर्ने म्हणाली. तिला हे नीट सांगायचं होतं, कारण ते तिलाही आत्ताच पुरतं उमगत होतं. "माशीचं अंग खंडाखंडांचं असतं. या खंडाला पंख करता येतोच. प्रत्येक माशीत येतो. पण एक जनुक तिथं सारखं सांगत असतं, तू नको करूस, तू घुंडीच कर. अळी असल्यापासून सांगतं, कोशात असताना सांगतं. हिच्यात ते जनुक बिघडलंय. म्हणून नको म्हणणारं कुणी राहिलं नाही."

"म्हणजे पंख फुटायला हुकूम लागत नाही?"

"नाही. न फुटायला लागतो."

बासिलियानं दाराकडं पाहिलं. "हे पोर्टरसमोर बोलू नकोस, पोरी," ती म्हणाली आणि खळ घोटायला लागली. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

डॉन लेआन्द्रोंना सांगायला ती भीत भीतच गेली, कारण तिनं हुकूम मोडला होता. पण ते रागावले नाहीत. माशा पाहून त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. मंत्र्यांना दाखवायला याहून चांगलं काय असणार होतं? चार पंखांची माशी, स्पेनमध्ये सापडलेली. मग त्यांनी नाव सांगितलं. विक्टोरिया. म्हणजे विजय. यादवी युद्ध जिंकून राज्य करणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द जवळजवळ तीस वर्षं होता. मंत्र्यांना तो आपलाच वाटला असता.

"नाव मी ठेवणार आहे," एदुर्ने म्हणाली. "माझ्या भाचीचं. पहिल्यांदा मी पाहिली."

"हो, हो. आपण बोलू त्यावर," ते म्हणाले.

पुढं काय होणार हे तिला ठाऊक होतं. बोलणं म्हणजे काय ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. झुरिक, एडिंबरा, क्योतो आणि पॅसाडीना इथल्या प्रयोगशाळांनी त्या वर्षात या संस्थेकडून माशा मागवल्या होत्या आणि त्यांना काही ना काही पाठवायचंच होतं. तिनं चार नळ्यांत ताजी खळ घातली, माशा सोडल्या, कापसाची बुचं लावली. प्रत्येक नळीवर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावली: ईन्त्सा. खाली पाठवणाऱ्याचं नाव लिहिताना तिचा हात थांबला. मग तिनं एदुर्ने लिसारराल्दे लिहिलं. बासिलियानं पुठ्ठ्याच्या डब्यांत नळ्या भुशात रोवून दिल्या आणि एदुर्नेनं ते डबे स्वतः पोस्टात नेऊन टाकले.

काही दिवसांनी डॉन लेआन्द्रोंनी तिला बोलावलं. टेबलावर कॉफीचे दोन पेले होते, त्यामुळं गोष्ट गंभीर आहे हे तिला कळलं.

"मी विचार केला," ते म्हणाले. "विक्टोरिया जरा जास्तच होतं, कबूल. तुमच्या भाचीचं नाव द्यायचं म्हणालात ना तुम्ही? ते मंत्र्यांसमोर चालणार नाही. पण कागदावर तिचं नाव काय लागलंय?"

"रोसीओ."

"मग रोसीओच ठेवू. दवाला दव. आपल्या माशीच्या शास्त्रीय नावाचा अर्थसुद्धा दवप्रेमी असाच आहे, ऐकायलाही छान. तुमचंही राहील, माझंही निभेल."

सौदा वाईट नव्हता. एदुर्नेनं कॉफीचा पेला हातात धरला आणि खरोखरच विचार केला. या माणसानं तिला इथं आणलं होतं. बास्क गावची, ओळखपाळख नसलेली मुलगी म्हणून दुसऱ्या कुणी घेतली नसती. हो म्हटलं असतं तर शिष्यवृत्तीही राहिली असती. तिला कोल्दोची आठवण झाली, खिडकीसमोर उभ्या असलेल्या. त्याच्या मागं रांग होती. तिच्या मागं कुणी नव्हतं.

"नाही, डॉन लेआन्द्रो."

"अहो, अर्थ तोच आहे."

"तोच आहे, तर मग बदलता कशाला?"

त्यांनी आपला पेला उचलला. "तुम्हाला वाटतं, मला हट्ट कळत नाही," ते म्हणाले. "या देशात काही जगवायचं तर मान थोडी खाली घालावी लागते. मी घातली. म्हणून या माशा आहेत, आणि म्हणून तुम्हीही इथं आहात."

"ते मला माहीत आहे. त्याचे उपकारही आहेत. पण नळ्या गेल्या."

"कसल्या नळ्या?"

तिनं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"तार करा. नाव मागं घेतलं म्हणून."

"काय लिहू तारेत? माशांनी आपलं नाव विसरावं?"

ते उठून दाराशी गेले आणि दार आधीपासूनच बंद असल्याचं पाहून परत आले. शिष्यवृत्ती जूनअखेर संपते आणि ती पुढं चालू ठेवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. समारंभात तिनं भिंगाजवळ उभं राहावं, कारण माशी नीट मांडून दाखवणारं दुसरं कुणी नाही. पण तोंड उघडू नये. मंत्र्यांनी काही विचारलं तर उत्तर ते स्वतः देतील. ती बरं म्हणाली. त्या क्षणी तिला तसं वागायचंही होतं. पुढचं तिनं आधी ठरवलं होतं असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही.

उद्घाटनाला नव्या इमारतीत रंगाचा वास होता. मंत्री ठेंगणे आणि दमलेले होते; त्या दिवशीचा हा त्यांचा तिसरा कार्यक्रम असावा. त्यांनी फीत कापली, एका पाद्र्यानं उबवणीच्या कपाटांवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि मग डॉन लेआन्द्रो त्यांना भिंगापाशी घेऊन आले. बासिलिया धुतलेला एप्रन घालून मागं, पोर्टरच्या शेजारी उभी होती. मंत्र्यांनी चष्मा काढला, वाकले, आणि त्यांच्या तोंडून लहान मुलासारखा हुंकार निघाला.

"हिला चार पंख आहेत."

"हो, मंत्रिमहोदय," डॉन लेआन्द्रो म्हणाले.

"हिचं नाव काय?"

डॉन लेआन्द्रोंनी तोंड उघडलं. त्या अर्ध्या क्षणात एदुर्नेला दिसलं की कुठलं नाव सांगावं हे त्यांचंही ठरत नाहीये. आणि जे नाव ते सांगतील, ते इथल्या वर्तमानपत्रात छापून येईल.

"ईन्त्सा," ती म्हणाली.

मंत्र्यांनी मान वर केली. "हे काय आहे? कुठली भाषा?"

"आमच्या घरची. दव असा अर्थ आहे."

डॉन लेआन्द्रोंनी डोळे मिटून घेतले होते. मंत्री तिच्याकडं पाहत राहिले, रागानं नव्हे, तर एखाद्या कागदावर सही करावी की नको अशा नजरेनं. मग त्यांनी पुन्हा भिंगातून पाहिलं. तेवढ्यात त्यांना बोलायला काहीतरी सापडलं.

"आणि एवढे चार पंख घेऊन उडते का ही?"

मागं कुणीतरी खुशामतीनं हसलं.

"नाही," एदुर्ने म्हणाली. तिनं हात टेबलाच्या कडेला टेकवले. "उडता येत नाही तिला. पण हिला आणि हिच्यासारख्या नराला पोरं होतात, आणि त्या सगळ्यांना चार पंख असतात. नावही त्यांचं तेच राहतं."

मंत्र्यांनी चष्मा घातला आणि पुढच्या खोलीत काय आहे असं विचारलं. मंडळी त्यांच्यामागून निघाली. डॉन लेआन्द्रो शेवटी राहिले. ते तिच्याजवळून जाताना थांबले. त्यांनी भिंगाखालची माशी एकदा पाहिली, तिला उष्णता लागू नये म्हणून भिंगाचा दिवा विझवला, आणि ते गेले.

जूनच्या शेवटी एदुर्नेनं आपलं टेबल आवरलं. बासिलियानं तिला बटाट्याचं ऑम्लेट भरलेला पाव बांधून दिला आणि सोबत खळीची एक बरणी.

"हे तुला, ते त्यांना. बसमध्ये उलटंपालटं करू नकोस." मग ती जरा अडखळत म्हणाली, "काय ते नाव? इन्सा?"

"ईन्त्सा."

"ईन्चा."

"जवळ आलीस."

"दात पडलेत माझे, म्हणून. नाहीतर मला येतं," बासिलिया म्हणाली.

माशांची नळी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवून एदुर्ने खाली उतरली. पोर्टर आपल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. तिनं न विचारता फोन उचलला आणि गावातल्या दुकानाचा नंबर मागितला. बऱ्याच वेळानं कोल्दो धावत आल्याचा आवाज आला. मागं कुठंतरी तान्ही पोर रडत होती.

तिनं बास्कमध्ये बोलायला सुरुवात केली. नोंदणीचं झालं म्हणून सांगितलं. झुरिकमध्ये झालं, क्योतोतही झालं. तिकडून पोचपावती आली आहे, प्रकृती उत्तम आहे, पोरं झाली आहेत. कोल्दोला काही कळेना. कुणाची पोरं, तो विचारत होता.

पोर्टरनं वर्तमानपत्र खाली केलं.

"बाई, किती वेळा सांगायचं, ख्रिस्ती..."

एदुर्नेनं त्याच्याकडं पाठ केली. गावाकडची लाइन खराब होती, कोल्दोला नीट ऐकू येत नव्हतं. म्हणून ती आणखी मोठ्यानं, जिन्यावरही ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागली.

"ईन्त्साला फोनजवळ आण," ती म्हणाली. "मला तिला हाक मारायची आहे."